डिझेलचा लिफ्ट पंप टाकीजवळ आणा, पण आधी मोजा

मा. संपादक महोदय,

उन्हाळा लागला की आपल्या जिल्हा पानावर एक बातमी हटकून येते. भरलेला ट्रक चढावर बंद पडला, मागे गाड्यांची रांग लागली, कारण ‘तांत्रिक बिघाड’. वणी-घुग्घुस पट्ट्यात ती कोळशाची गाडी असते, हिंगणघाटकडे रुईच्या गाठींची, वरूड-मोर्शीकडे संत्र्याची. बातमीतले ते दोन शब्द मात्र बदलत नाहीत. आम्हा डिझेल मिस्त्रींच्या धंद्यात या बिघाडाला ‘एअर पकडली’ (डिझेलच्या पाईपात हवा शिरली) म्हणतात आणि बहुतेक वेळा तो तेवढाच असतो. त्यावर एक इलाज सध्या जोरात आहे: इंजिनावरचा फीड पंप (टाकीतले डिझेल ओढून, ते इंजिनात फवारणाऱ्या मोठ्या पंपाला देणारा) काढायचा किंवा तसाच ठेवायचा, आणि चेसिसवर त्याच कामाचा इलेक्ट्रिक लिफ्ट पंप बसवायचा. इलाज खोटा नाही. पण जागा चुकते, दाब चुकतो आणि वायरिंग तर इतकी चुकते की आधीचा बिघाड बरा म्हणायची वेळ येते. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे, पण अर्धे छापले तर पंपही अर्धवटच बसतील.

जुन्या इनलाइन पंपाच्या (ज्या मोठ्या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा एलिमेंट, म्हणजे दट्ट्या, ओळीने असतो) गाडीत टाकी चेसिसच्या बाजूला आणि फीड पंप इंजिनावर असतो. मधे चार-पाच मीटर पाईप. फीड पंप डिझेल ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे पाहता तो फक्त पोकळी करतो. डिझेलला ढकलते ती टाकीत बसलेली बाहेरची हवा. तिची सगळी ताकद ७६० मिलिमीटर पारा. डिझेल एक मीटर वर चढवण्यात त्यातले साधारण ६० मिलिमीटर जातात. उरलेल्यातून पाईपचे घर्षण, जाळी, बॅन्जो बोल्टची (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) बारीक भोके आणि कचरा साचलेला बाऊल (कचरा अडवणारी वाटी) यांचे भागवायचे. ढकलणाऱ्या पंपाला ही अडचण नाही. तो टाकीच्या बुडाशी असला की डिझेल आपल्या वजनाने त्याच्यात उतरते आणि पुढे त्याला हवा तेवढा दाब देता येतो.

पण जागा बदलण्याचे खरे कारण दुसरेच आहे. दाबाच्या बाजूला गळती असली की थेंब पडतो, चेसिस ओली होते, त्यावर धूळ चिकटते आणि क्लिनरच्या नजरेस पडते. सक्शनच्या, म्हणजे ओढण्याच्या, बाजूची गळती उलटी. थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाईप कोरडा ठणठणीत दिसतो आणि गाडी चढावर दम सोडते. पंप टाकीजवळ नेला की ही न दिसणारी बाजू पाच मीटरवरून अर्ध्या मीटरवर येते.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, खाली तापलेले डांबर आणि इंजिनाकडून रिटर्न लाईनने टाकीत परतणारे गरम डिझेल. टाकी भरलेली असेल तर ही उष्णता मुरते. पाव टाकीत मुरायला जागा नसते. डिझेल तापले की पातळ होते, आणि त्यात विरघळलेली हवा सक्शनच्या पोकळीत बुडबुडे होऊन सुटते. सकाळी बिनतक्रार धावलेली गाडी दुपारी दोनला मान टाकते ती याच कारणाने. म्हणून पहिला फुकटचा सल्ला: मे महिन्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आता पंप विकत घेण्याआधीची कामे. फीड पंपाच्या तोंडाशी टी जोडून व्हॅक्यूम गेज लावा आणि इंजिन पूर्ण फेऱ्यांवर नेऊन काटा बघा. कमिन्सच्या बी मालिकेच्या ५.९ लिटर इंजिनाला (टाटाच्या कितीतरी ट्रकांत हेच आहे) लिफ्ट पंपाच्या तोंडाशी जास्तीत जास्त १०० मिलिमीटर पारा चालतो. काटा १५०-२०० वर गेला तर दोष पंपाचा नाही, पंपाच्या मागे कुठेतरी गळा आवळलेला आहे. काटा शून्याजवळ राहून थरथरत असेल आणि गाडी तरी मरत असेल, तर हवा आत येते आहे किंवा पंपाचे व्हॉल्व्ह थकले आहेत. हे गेज महाग नाही. तरी ते नसलेले वर्कशॉप शोधायला आपल्या तालुक्यांत फार फिरावे लागत नाही.

गळा कुठे आवळतो? सगळ्यात आधी टाकीचे झाकण. त्यातले श्वासाचे बारीक भोक काळ्या मातीने, कोळशाच्या भुकटीने किंवा जिनिंगच्या आवारात रुईच्या तंतूंनी बुजते. डिझेल उपसले जाते, वरून हवा येत नाही, टाकीत पोकळी वाढते आणि पंप हरतो. ओळख सोपी आहे: गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज येतो आणि त्यानंतर गाडी दहा-वीस किलोमीटर झक्क चालते. असे दिसले तर झाकण रॉकेलने धुऊन, फुंकून बसवावे, पंपाला हात लावू नये.

दुसरी जागा टाकीतला सक्शन पाईप. तो वरून आत उतरतो आणि खाली जाळी असते. मधे कुठेतरी त्याला केसासारखी चीर पडते. टाकी भरलेली असताना चीर डिझेलखाली असते, म्हणून तक्रार नाही. पातळी चिरेच्या खाली उतरली की पंप हवा प्यायला लागतो. ‘अर्ध्या टाकीखाली गाडी चालत नाही’ असे डायवर सांगत असेल तर हा पाईप काढून एका टोकाला बोट लावा, पाण्यात धरा आणि दुसऱ्या टोकाने फुंका. बुडबुडे जिथून येतील तिथे चीर. या पाईपसाठी नवा लिफ्ट पंप बसवलेल्या गाड्या कमी नाहीत. चीर टाकीतच असल्याने नवा पंपही हवाच पितो.

तिसरी जागा तांब्याचे वॉशर. बॅन्जोच्या दोन्ही अंगांना एकेक. एकदा दाबलेला वॉशर कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा मिळत नसेल तर जुना लालबुंद तापवून पाण्यात टाकावा. तांबे त्याने मऊ पडते, लोखंडासारखे कडक होत नाही. मग दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरवर सपाट करून घ्याव्यात. वॉशर गळतो म्हणून हातभर पाना लावून बोल्ट आवळणारे तो बोल्ट ताणतात आणि बॅन्जोची बैठक वाकडी करतात. दोरा गुंडाळणे, एम-सील थापणे, टाकीच्या चिरेला साबण चोळणे, रबरी पाईपवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळणे हे गाव गाठण्यापुरते ठीक. पण आपल्याकडे गाव गाठणे आणि वर्ष काढणे यांतला फरक पुसला गेला आहे.

एक दोष मात्र लिफ्ट पंपाने कधीच जात नाही. गाडी गरम असताना बंद केली आणि पुन्हा स्टार्ट होत नाही, मग डायवर मोठ्या पंपावर ओले पोते टाकतो आणि दहा मिनिटांनी ती स्टार्ट होते. हे दृश्य ढाब्या-ढाब्यावर दिसते. थंडाव्याने डिझेल घट्ट झाले आणि झिजलेल्या एलिमेंटमधून, रोटरी (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो तो) पंप असेल तर त्याच्या हेडमधून, होणारी गळती घटली, एवढाच त्याचा अर्थ. हा पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे न्यायचा आहे. त्याला पाठीमागून कितीही डिझेल ढकलले तरी झिजलेली जागा भरून येत नाही. आणि तापलेल्या पंपावर थंड पाणी सपकन ओतू नये. आतले भाग मायक्रॉनच्या मापाने बसलेले असतात, एकदम आकसले तर पंप जागीच जाम होतो.

पंपाची जागा बदलण्याचा हा विचार आपल्याच इंजिनाच्या अमेरिकेतल्या भावंडाने चांगला पटवून दिला आहे. टाटा आणि कमिन्स यांची जमशेदपूरची भागीदारी १९९३ची. तिथे बनले तेच बी मालिकेचे ५.९ लिटर इंजिन अमेरिकेत डॉज रॅम पिकअपमध्ये बसत होते. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या रॅममध्ये त्यावर बॉशचा व्हीपी ४४ हा रोटरी पंप होता आणि इलेक्ट्रिक लिफ्ट पंप टाकीपासून दूर, इंजिन ब्लॉकलाच जोडलेला. व्हीपी ४४ ला थंडावा आणि वंगण दोन्ही डिझेलचेच. लिफ्ट पंप थकून दाब १० पीएसआयच्या, म्हणजे सुमारे ०.७ बारच्या (एक बार म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेएवढा दाब), खाली उतरला की त्या महागड्या पंपाचे दिवस भरत. तिथल्या मालकांनी लिफ्ट पंप उचलून चेसिसवर टाकीशेजारी नेला, जाड पाईप टाकले, डॅशबोर्डवर दाबाचे गेज लावले. कंपनीनेही २००५ च्या मॉडेलपासून लिफ्ट पंप टाकीतच घातला. मुद्दा खरा ठरला. पण तो आकडा आणि तो पंप त्या गाडीचा आहे. इंटरनेटवर बघून तेच आकडे इथल्या टाटा १६१३ ट्रकला लावणारे गडबड करतात.

दाब ठरतो तो मोठ्या पंपाच्या जातीवर. इनलाइन पंपाच्या गॅलरीत (आत डिझेल साठते ती पोकळी) साधारण १ ते १.५ बार लागतो, नेमका आकडा त्या पंपाच्या टेस्ट चार्टवर असतो. व्हीई जातीच्या रोटरी पंपात मात्र स्वतःचा व्हेन पंप (पाती फिरवून दाब करणारा) आत असतो. त्याला बाहेरून अर्ध्या बारपेक्षा जास्त दाब देऊ नये. आतला दाब वाढला की टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) पुढे सरकते, इंजिन कडक वाजू लागते, आणि पुढचे शाफ्ट सील गळू लागले तर डिझेल टायमिंग केसमधून इंजिनाच्या चेंबरमधल्या ऑइलात. लहान गाडीला मोठ्या ट्रकचा पंप ‘दणकट आहे’ म्हणून लावण्याचा परिणाम हा असा.

क्षमतेचा हिशेबही कागदावर होतो. १२० किलोवॅटचे, म्हणजे सुमारे १६० अश्वशक्तीचे, इंजिन पूर्ण लोडवर किलोवॅट-तासाला साधारण २१५ ग्रॅम डिझेल खाते. तासाला झाले २६ किलो, म्हणजे ३१ लिटर. रिटर्नसाठी त्याच्या अडीच-तीनपट धरले तरी ८० ते १०० लिटर पुरेत. पंपाच्या डब्यावर लिहिलेले लिटर मोकळ्या तोंडाचे असतात, १.५ बारला तो किती देतो ते विचारा. त्याहून फार मोठा पंप घेऊ नका. इंजिनाने न खाल्लेले सगळे डिझेल रिटर्नने परतणार, मूळ रिटर्न पाईप बारीक, तो तुंबतो, गॅलरीचा दाब विनाकारण वाढतो आणि टाकीत गरम डिझेल जास्त येते. म्हणजे ज्या उष्णतेपासून पळायचे तीच विकत घेतली. रिटर्नचे तोंड टाकीत सक्शन पाईपपासून लांब असावे, नाहीतर फेस थेट पंपात.

व्होल्टेज बघा. मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची, टाटा ४०७ सारख्या लहान गाडीची १२ ची. बाजारात १२ चे पंप सहज आणि स्वस्त मिळतात, म्हणून दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून पंप चालवायचा जुगाड सर्रास चालतो. त्यात एक बॅटरी रोज उपाशी राहते आणि दुसरी रोज जास्त चार्ज होते. सहा-आठ महिन्यांत दोन्ही जातात आणि शिव्या बॅटरीवाल्याला. २४ ची गाडी असेल तर पंप २४ चाच.

आता बसवण्याची जागा. चेसिसच्या आतल्या अंगाला, टाकीच्या शक्य तितके जवळ, टाकीच्या बुडाच्या पातळीला किंवा किंचित खाली. फार खाली नको. पावसाळ्यात शेतातून कापूस-सोयाबीन काढताना चाक काळ्या चिकणात रुतते आणि लोंबकळणारी प्रत्येक वस्तू चिखल ओढते. पाटा पूर्ण दबल्यावर ॲक्सल तिथपर्यंत येत नाही ना ते भरल्या गाडीवर बघा, रिकाम्या नव्हे. सायलेन्सर पाईपपासून किमान एक फूट अंतर. चेसिसच्या उभ्या अंगाला जी मूळ भोके आहेत तीच वापरावीत. वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नये आणि वेल्डिंगचा टाका तर अजिबात मारू नये. भरल्या गाडीत ताण तिथेच असतो, चिरेची सुरुवात तिथूनच होते. पंप रबरी बुशवर बसवा आणि बाहेर जाणारे तोंड वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे अडकलेली हवा आपोआप सुटते.

पंपाच्या आधी पाणी वेगळे करणारे सेपरेटर आणि १०० ते १५० मायक्रॉनची जाळी. बारीक फिल्टर पंपानंतर. हा क्रम उलटा करू नका. बारीक फिल्टर आधी लावला तर तोच पंपाचा गळा आवळतो. सेपरेटर नंतर लावला तर पंपातून घुसळून निघालेले पाणी डिझेलमध्ये ताकासारखे मिसळते आणि खाली बसत नाही. पावसाळ्यात सेपरेटरच्या बुडाचा नळ रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, काचेच्या बाटलीत सोडून बघावा. पाणी दिसेल तेवढे काढायचे, डिझेल आले की बंद.

पाईपचे गणित लोकांना पटत नाही, पण खरे आहे. या प्रवाहाला पाईपातला रोध आतल्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. ८ मिलिमीटरऐवजी आतून १० मिलिमीटरचा पाईप टाकला तर रोध चाळीस टक्क्यांवर येतो. पण दोन टोकांना जुने बॅन्जो तसेच ठेवले, आणि त्यांची भोके पाच मिलिमीटरची, तर जाड पाईपाची मजा तिथेच संपते. डिझेलसाठीचा नायट्राइल रबरी पाईप किंवा नायलॉनचा पाईप वापरावा. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी महिन्या-दोन महिन्यांत लाकडासारखी होते; ती फक्त तपासणीपुरती. चेसिसच्या भोकातून पाईप जातो तिथे रबरी ग्रोमेट हवेच, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात पाईप कापते.

जुन्या पंपाचे काय करायचे, इथे सगळ्यात जास्त चूक होते. जुना यांत्रिक पंप जागेवर ठेवून त्याच्या पाठीमागून दीड बार दाब दिला की डिझेल त्याच्या व्हॉल्व्हमधून पुढे जाते खरे. पण त्याचा स्पिंडल झिजलेला असेल किंवा डायफ्राम फाटलेला असेल, तर तेच डिझेल दाबाने कॅमच्या बाजूला उतरते आणि तिथून इंजिन ऑइलात. आधी हे थेंब-थेंब होत होते, आता धार लागते. ऑइलची पट्टी काढा: पातळी न भरता वाढली आहे, ऑइल बोटावर पाण्यासारखे पळते, वासाला डिझेल. अशी गाडी एक फेरीही पुढे नेऊ नका, बेअरिंग जातील. म्हणून पूर्ण दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवायचा तर जुना पंप काढून त्या जागी गॅस्केटसह प्लेट लावलीच पाहिजे. प्लेट जाड आणि सपाट हवी. पातळ पत्रा बोल्ट आवळताना वाकतो आणि ऑइल फेकतो.

आमचा कल मात्र दुसऱ्या रीतीकडे आहे. मूळ यांत्रिक पंप नवीन किटने दुरुस्त करून ठेवावा आणि टाकीजवळ ०.२ ते ०.३ बारचा लहान इलेक्ट्रिक पंप मदतनीस म्हणून लावावा. त्याने यांत्रिक पंपाचे सक्शन जवळपास शून्य होते, एअर पकडण्याचे मूळच जाते, आणि दाबाचे काम ज्याचे त्याच्याकडेच राहते. मदतनिसाला समांतर एक बायपास पाईप आणि त्यात एकेरी व्हॉल्व्ह टाकला की इलेक्ट्रिक पंप जळाला तरी यांत्रिक पंप बायपासमधून ओढून गाडी घरी आणतो. सिरोंचा-एटापल्लीच्या रस्त्यावर रात्री पंप गेला तर पुढचे दुकान किती दूर आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. व्हीई पंपाच्या गाडीला तर पूर्ण दाबाचा पर्यायच नाही, मदतनीसच लावायचा.

वायरिंगबद्दल थोडे कडक लिहितो. पंपाची वायर सरळ इग्निशनला किंवा, त्याहून वाईट, डॅशबोर्डच्या बटणाला जोडून मोकळे होणारे बरेच आहेत. गाडी उलटली, पाईप तुटला, इंजिन बंद पडले तरी तो पंप डिझेल ओततच राहतो. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबत होता. इलेक्ट्रिक पंप आपण थांबवल्याशिवाय थांबत नाही. म्हणून दोन रिले (विजेने उघडबंद होणारे स्विच). पहिला इग्निशनवर चालणारा, बॅटरीजवळच्या १५ अँपिअरच्या फ्यूजमधून. दुसरा पाच पायांचा: त्याच्या ३० नंबरला पहिल्या रिलेतून आलेली वायर, ८७ए ला पंप, ८६ ला इग्निशन आणि ८५ ला ऑइल प्रेशरच्या दिव्याची स्विचकडे जाणारी वायर. इंजिन बंद असताना ऑइल स्विच अर्थ देतो, रिले ओढला जातो आणि पंप तुटतो. इंजिन चालू होऊन ऑइलचा दाब आला की स्विच उघडतो, रिले सुटतो, पंप चालतो. हवा काढण्यासाठी एक दाबून धरायचे बटण वेगळे. सोडले की बंद होणारे, अडकून राहणारे नव्हे. या जोडणीत एक कच्चा दुवा आहे. ऑइल स्विचची वायर तुटली तर इंजिन बंद असतानाही पंप चालू राहील. म्हणून महिन्यातून एकदा इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून चेसिसजवळ कान द्या. पंप गुणगुणता कामा नये.

वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. जाऊन-येऊन १२ मीटर लांबी आणि ६ अँपिअर धरले तर अर्धा व्होल्ट पडतो. १ चौरस मिलिमीटरची घेतली तर सव्वा व्होल्ट. १२ व्होल्टच्या गाडीत ही घट पंपाचा जोर खाते आणि उन्हाळ्यात वायर हाताला गरम लागते. अर्थ चेसिसच्या गंजलेल्या बोल्टला न देता बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावा.

सगळे जोडल्यावर बटण दाबून आधी फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू सैल करा. फेस येईल, मग तुटक धार, मग काचेसारखी अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग मोठ्या पंपाच्या गॅलरीचा स्क्रू तसाच. मोठ्या पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती टाकून इंजिन दहा मिनिटे चालवा आणि फेऱ्या वाढवून बघा. एखादा बुडबुडा सुरुवातीला निघतो. सतत दाणे वाहत असतील तर सक्शनचा तो अर्धा मीटरही गळतो आहे. खरी परीक्षा मात्र भरल्या गाडीची चढावर. फिल्टरनंतर लावलेल्या गेजचा काटा उभ्या गाडीत १.५ बार दाखवतो आणि चढावर ०.८ वर येतो, तर आधी फिल्टरच्या दोन्ही अंगांचा दाब मोजा. फरक मोठा असेल तर फिल्टर तुंबला आहे. नवीन पंप बसल्यावर टाकीतली जुनी घाण हलते आणि पहिला फिल्टर लवकर भरतो, तो पहिल्या हजार किलोमीटरमध्ये बदलायचाच. फरक नसेल तर पंपाच्या मागे बघा, किंवा पंपाला मिळणारे व्होल्टेज बघा.

हे सारे जुन्या इनलाइन आणि रोटरी पंपांच्या गाड्यांसाठी आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाड्यांना यातले काही करू नका. तिथे कमी दाबाच्या बाजूचा हिशेब कंट्रोल युनिट ठेवते, बाहेरचा पंप लावला की बिघाडाचा कोड येतो, गाडी लिम्प मोडमध्ये जाते (मुद्दाम कमी ताकदीवर चालते) आणि वॉरंटी जाते. शिवाय रेलमधला दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. जुन्या सवयीने चालू इंजिनावर नोझलचा नट सैल करायला गेलेल्याच्या कातडीत डिझेल घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठायचा असतो. या गाड्यांत झाकण, जाळी, सेपरेटर आणि फिल्टर एवढेच आपले.

आपल्यामार्फत दोन मागण्या. तालुक्याच्या आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’चा अभ्यासक्रम चालतो. तिथल्या प्रत्येक मुलाच्या हातात व्हॅक्यूम गेज आणि ० ते ४ बारचे प्रेशर गेज देऊन, चालू इंजिनावर काटा वाचून घ्यावा; नुसता आकृती काढायला लावू नये. आणि ट्रकचे योग्यता प्रमाणपत्र देताना चेसिसवर इलेक्ट्रिक डिझेल पंप दिसला, तर इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून तो थांबतो का एवढे तपासावे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, त्याला कोणते यंत्र लागत नाही.

आपले,
काही डिझेल मिस्त्री,
वणी, जि. यवतमाळ